हृदयाची गोळी डब्यातच का राहते?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमचे मोठे बंधू पडवीत बसल्या बसल्या घामाघूम झाले. छातीत कळ नाही, हात दुखला नाही. नुसता दम लागला आणि मळमळले. साखर उतरली असेल म्हणून वहिनींनी साखरपाणी दिले. चिपळूणला नेले तेव्हा डॉक्टरांनी ईसीजी काढून सांगितले, हा हृदयविकाराचा झटका आहे. मधुमेहात नसा बधिर होतात, त्यामुळे कळ न येताही झटका येऊ शकतो.

दादा वाचले. पोफळीला परत आल्यावर वहिनींनी औषधांचा पत्र्याचा डबा आमच्यापुढे ठेवला. साखरेच्या गोळ्यांची पाकिटे रिकामी, पण अ‍ॅटोर्वास्टॅटिनच्या पट्ट्या जशाच्या तशा!

"दादा, ही का नाही घेतलीत?"

"अरे, ती हार्टची. मला कुठे हार्टचा आजार होता? मला साखर!"

दादांना बोल लावण्याचा आम्हाला अधिकार नाही. आम्ही बी.कॉम. झालेले, कचेरीत दुसऱ्यांचे हिशेब तपासणारे. आम्हालाही मधुमेह. तीच गोळी आम्ही चार महिने घेतली आणि कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट चांगला येताच बंद केली. रिपोर्ट गोळीमुळेच चांगला आला होता, हे ध्यानातच आले नाही. अंग भिजत नाही म्हणून भर पावसात छत्री मिटावी, तसा हा प्रकार!

मग एका रविवारी आम्ही वाडीतल्या मधुमेही माणसांकडे जाऊन बसलो. कुणी म्हणाले, गोळ्यांची सवय लागते. कुणाचे पाय दुखू लागले, त्यांनी कुणाला न विचारता सोडली. एक आत्या म्हणाल्या, "बाबा, महिनाअखेरीला पैसे संपले की एक गोळी कमी करते. हिच्यावाचून काय दुखत नाय." खरे कारण इथेच आहे. साखरेची गोळी चुकली तर तोंड सुकते, लघवीला सारखे जावे लागते. ही चुकली तर काहीच कळत नाही. आणि दवाखान्याच्या गर्दीत दोन मिनिटांत हाती पडलेला इंग्रजी कागद ती कशासाठी हे सांगत नाही.

तर ती कशासाठी? मधुमेहात रक्तवाहिन्यांना आतून इजा होते, चरबीचा थर लवकर साचतो. म्हणून हृदय ठणठणीत असतानाच, चाळिशीनंतर बहुतेक मधुमेहींना डॉक्टर ही गोळी देतात. ब्रिटन व आयर्लंडमध्ये हृदयविकार नसलेल्या सुमारे २,८०० मधुमेहींवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. अ‍ॅटोर्वास्टॅटिन घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात अशा गंभीर घटना ३७ टक्के कमी आढळल्या. काहींचे स्नायू दुखतात, साखर किंचित वाढू शकते, हेही खरे. अशा वेळी डॉक्टर मात्रा कमी करतात वा गोळी बदलतात. आपण होऊन सोडू नये. मात्र गरोदर असल्यास किंवा मूल हवे असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.

आपल्या पोफळीच्या वीजघरात १९६२ सालापासून वीज तयार होते. यंत्र बंद पडल्यावर मग तेलपाणी करू, असे तिथला कोणता कामगार म्हणेल? मग हृदयाच्या बाबतीतच आपण का थांबतो?

पैशांचाही विचार केला पाहिजे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत व आरोग्य केंद्रांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. जनऔषधी दुकानात हीच गोळी स्वस्त मिळते. परवडत नाही हे डॉक्टरांना सांगण्यात कमीपणा नाही.

आता दर पौर्णिमेला वंदनेनंतर आम्ही विहारात डबे घेऊन बसतो. फार्मासिस्टला विचारून प्रत्येक पाकिटावर मराठीत लिहितो: 'साखरेची', 'रक्तदाबाची', 'हृदय सांभाळणारी, बरे वाटले तरी रोज'. पहिले पाकीट आम्ही आमचेच लिहिले.

बंधुभगिनींनो, बाबासाहेबांनाही मधुमेह होता. १९५६ साली ते गेले, तेव्हा ही गोळी जगात नव्हती. या जातीचे पहिले औषध अमेरिकेत विक्रीला आले ते १९८७ साली. त्यांच्या काळात जे नव्हतेच, ते आज आपल्या डब्यात पडून आहे. आज रात्री जेवणानंतर डबा उघडा आणि आपल्या माणसाला एकदा विचारा, "ही घेतलीत का?"