आधी तिचं ताट

केमो सुरू होताना हातात आहाराचा एक छापील कागद पडतो. थोडं थोडं, पण वारंवार खा. प्रथिनं वाढवा. भरपूर पाणी प्या. उघड्यावरचं खाऊ नका. त्यातलं एक अक्षरही खोटं नाही. पण रुग्ण म्हणजे घरातली बाईच असेल, तर पहिल्याच सूचनेपाशी गाडी अडते. दर दोन तासांनी खायचं, तर दर दोन तासांनी कुणीतरी करून द्यायला हवं, आणि आजवर सगळ्यांना करून घालणारी तीच असते.

माझ्या आक्काला स्तनाच्या कॅन्सरसाठी केमो घ्यावी लागली. ती कऱ्हाडजवळच्या गावची. उपचार परळला. १९४१ साली तिथं टाटा मेमोरियल रुग्णालय उभं राहिलं. आज देशभरातून आलेली कुटुंबं परळ-दादर भागात खोल्या आणि धर्मशाळा धरून राहतात. गाडगे महाराजांच्या नावाची दादरची धर्मशाळा त्यातलीच एक. अशाच एका ठिकाणी आक्का, दाजी आणि मी राहत होतो. स्वयंपाकाची खोली सामाईक. एका शेगडीवर भात, दुसरीवर सांगलीच्या कुणाचं पिठलं, आणि बाजूला बिहारची एक मुलगी वडिलांसाठी पाण्यात सत्तू कालवतेय.

केमोच्या पहिल्या फेरीनंतर, म्हणजे सायकलनंतर, आक्काला विचारलं, “काय खावंसं वाटतंय?” ती म्हणाली, “तुमचं काय असंल ते द्या. मला काय बी चालंल.” पण चालत काहीच नव्हतं. प्रश्न पुन्हा विचारला, तर ती गोंधळली. आपल्याकडे बाईला हे विचारतात ते डोहाळ्यांच्या महिन्यांत. डोहाळजेवण उरकलं, मूल झालं, की तिची आवड घरातल्या प्रत्येकाच्या आवडीमागे जाऊन उभी राहते. आक्काला दाजींची आवड ठाऊक होती, मुलांची होती, जावयाचीही होती. स्वतःची तिला आठवावी लागली. केमोत भूक मरते हे सगळे सांगतात. जिला आपल्या भुकेचं नाव घ्यायची सवयच राहिली नाही, तिची भूक मरते तेव्हा घराला पत्ताही लागत नाही. मला याची फार काळजी वाटते.

केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशी मारतात. गाठीतल्या पेशी तशा असतात. पण तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, केसांची मुळं आणि रक्त तयार करणारी अस्थिमज्जा यांतल्या पेशीही तशाच असतात. म्हणून तोंड येतं, जुलाब होतात, औषधानंतर दुसऱ्या आठवड्याच्या आसपास रक्तपेशींचे काउंट उतरतात. शरीराला हे अस्तर पुन्हा विणायचं असतं आणि त्याला प्रथिन लागतं. किलोमागे रोज किमान १ ग्रॅम आणि जमल्यास दीड, असं मार्गदर्शन आहे. पन्नास किलोच्या बाईला म्हणजे ५० ते ७५ ग्रॅम. आपण आजाऱ्याला काय देतो? पेज. वाटीभर पेजेत प्रथिन जेमतेम दोन-तीन ग्रॅम. मऊ भात आणि वरणाचं पाणी म्हणजे पथ्य, आणि पोटाला आराम दिला की माणूस बरा होतो, हे तापाच्या आजीबाई-शास्त्रात ठीक आहे. महिनोन्‌महिने चालणाऱ्या उपचारात या पथ्यानं माणूस खंगतो. एका अंड्यात सहा ग्रॅम, पाव लिटर दुधात आठ, मूठभर शेंगदाण्यात सात. पेज द्यायचीच, पण तिच्यात मुगाची डाळ शिजवायची, वर तूप सोडायचं.

आणि आमच्याकडे हुलग्याचं माडगं आहे, हे आठवलं दाजींना. उभ्या आयुष्यात चहापलीकडे काही न केलेला हा माणूस. धर्मशाळेतल्या बायकांनी त्यांना हुलगे भाजायला, दळून आणायला, गुठळी न होता शिजवायला शिकवलं. गूळ घातलेलं पातळ माडगं म्हणजे एका पेल्यात जेवण आणि पाणी दोन्ही. बिहारच्या सत्तूचंही तेच. नाचणीची आंबीलही या जातीची. महागडे डबे दुकानातून आणायची ऐपत नसलेल्यांनी या तीन गोष्टी मनावर घ्याव्यात. तोंड आलेलं असताना मात्र आंबट-तिखट बंद, आणि जेवणाआधी-नंतर मीठ व खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या.

गावाकडून फोन यायचे. साखर बंद करा, साखरेवर कॅन्सर पोसतो. दूध बंद करा. सदाफुलीचा काढा द्या. सदाफुलीपासून व्हिंक्रिस्टिन हे केमोचं औषध निघतं, हे खरं. पण ते काटेकोर मोजून शिरेतून देतात. अंगणातली पानं उकळून पिणं धोक्याचं आहे. साखरेचं म्हणाल, तर शरीरातली प्रत्येक पेशी साखर वापरते, आणि ताटातून ती मिळाली नाही तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून ती बनवतं. मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी. एका घरात जुलाब लागलेल्या आजोबांच्या पाण्यातली साखरसुद्धा काढलेली मी पाहिली आणि जीव तुटला. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, यात साखरेचं काम मीठ आणि पाणी आतड्याच्या भिंतीतून आत नेण्याचं असतं. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यानंच कॉलऱ्याच्या रुग्णांचे जीव वाचवले.

पाणी मात्र आक्काच्या घशाखाली उतरेना. “पत्रा चाटल्यागत लागतंय,” म्हणायची. तिच्या औषधांत सायक्लोफॉस्फामाइड होतं. त्यातून तयार होणारा एक घटक मूत्राशयाच्या अस्तराला जाळतो, म्हणून पाणी प्यायचं आणि लघवी तुंबवायची नाही. शेजारच्या खोलीतल्या मावशींना सिस्प्लॅटिन होतं. ते मूत्रपिंडावर घाला घालतं, म्हणून त्यांना आधी आणि नंतर सलाईन. पाण्यात लिंबाची चकती, कोकमाचं पाणी, शहाळं, घोटाघोटानं घेतलं की चवीचा अडथळा थोडा कमी होतो.

चवीचा अडथळा निघाला तरी दुसरा राहतोच. बायका पाणी पीत नाहीत, कारण लघवीला जायचं कुठं, हा प्रश्न असतो. कऱ्हाडहून एसटीनं येताना आक्का सकाळपासून घोटभरही पाणी घ्यायची नाही. रांगेत उभं असताना नंबर जाईल म्हणून प्यायची नाही. धर्मशाळेत रात्री जिन्याच्या टोकाला जावं लागतं म्हणून प्यायची नाही. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ या नावानं बायकांनी स्वच्छ, मोफत मुताऱ्यांसाठी लढा दिला, तो मला कॅन्सरच्या उपचाराचाच भाग वाटतो. “भरपूर पाणी प्या” हे वाक्य छापणाऱ्यांनी त्याखाली शौचालय कुठं आहे तेही छापावं. आम्ही एवढंच केलं, की रांगेत तिच्या जागी कुणीतरी उभं राहायचं आणि प्रत्येक प्रवासात कुठं थांबायचं ते आधी ठरवायचं.

औषधाच्या दिवशी तिच्या आवडीचं काही करायचं नाही, हेही आम्ही ठरवलं होतं. इलीन बर्नस्टाइन या संशोधक बाईंनी केमो घेणाऱ्या मुलांना औषधाआधी एका वेगळ्याच चवीचं आइस्क्रीम दिलं; पुढं त्या मुलांनी तेच आइस्क्रीम नाकारलं. १९७८ चा हा अभ्यास. मळमळीचा दोष मन जवळच्या पदार्थावर टाकतं. म्हणून त्या दिवशी साधा भात, टोस्ट, केळं. फोडणीचा वास दूर ठेवायचा, आणि अन्न कोमटच वाढायचं, कारण वाफाळत्या ताटाचा वास जास्त येतो. मायेनं शिरा घेऊन आलेल्या पाहुण्यांना दाजी हात जोडून सांगायचे, “परवा-तेरवा आणा.”

काउंट खाली असतात त्या दिवसांत चिरून ठेवलेली फळं, उसाचा रस, कच्ची कोशिंबीर, बाहेरचं बर्फाचं काहीही नको. सालीची केळी-संत्री घरात सोलून. अंगात १००.४ च्या वर ताप गेला तर काढा करत बसायचं नाही, रुग्णालय गाठायचं.

औषधानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात जीभ परत येते. खायचा खरा हंगाम तो. आक्का त्या दिवसांत हळूहळू मागायला लागली. आधी ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून. मग पातळ पिठलं. मग एकदा चक्क म्हणाली, “अंड्याची पोळी करा, पण कांदा जाळू नका.” दाजी तव्यापाशी, ती पाटावर. दाजी तिच्यासाठी थांबायला लागले होते, पण ती सुरुवातीला ताट पुढं सरकवून म्हणायची, “तुम्ही घ्या आधी.” ती सवय जायला औषधांपेक्षा जास्त वेळ लागला.

उंची आणि वजनावरून औषधाची मात्रा ठरते, म्हणून प्रत्येक सायकलीआधी वजनकाटा असतो. शेवटच्या वेळी तिचं वजन उतरलेलं नव्हतं. काट्यावरून उतरून तिनं चपला घातल्या आणि दाजींना सांगितलं, “अवो, आज रात्री माडगं नको. मला शेंगदाण्याची आमटी पायजे.”