अक्काचा खांदा

माझी थोरली बहीण, आमची अक्का, लग्न होऊन बुऱ्हाणपूरजवळच्या जैनाबादला गेली त्याला चाळीस वर्षं झाली. आम्ही निपाणीचे, आईचं माहेर चिकोडी. त्यामुळे घरात बोलणं मराठी आणि रागावणं कन्नड. जैनाबादला अक्काशी कन्नड बोलणारं कुणी नाही. मी गेले की ती साठवून ठेवल्यासारखी बोलते.

गेल्या हिवाळ्यात गेले, तेव्हा मात्र ती गप्प होती. अंगणात पाय घसरला, पडताना हात टेकला आणि मनगटाजवळचं हाड मोडलं. प्लास्टर घालताना डॉक्टरांनी बजावलं होतं, बोटं आणि खांदा हलवत राहा. अक्काने भीतीपोटी सगळा हातच सहा आठवडे छातीशी धरून ठेवला. हाड जुळलं, पण खांदा आखडला. हात कानाच्या वर जाईना. अंबाडा सून घालून द्यायची. "कीलिगे तुक्कु हिडदैति," अक्का म्हणाली. सांधा गंजला, आता असंच चालायचं.

मी शाळेत वीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण बहिणीला शिकवायची वेळ पहिल्यांदाच आली. तिचा पाच महिन्यांचा नातू शेजारीच खेळत होता. त्याच्या टाळूवर तिची बोटं ठेवली. मऊ लागते ना? कवटीची हाडं पातळ पडद्यापासून बनतात आणि जन्मताना एकमेकांना पक्की जुळलेली नसतात. म्हणून तर डोकं बाहेर येताना ती थोडी सरकू शकतात. पुढची टाळू भरायला साधारण दीड वर्ष लागतं. हातापायाची हाडं मात्र आधी कूर्चेची असतात, मग त्यात कॅल्शियम भरत जातं. जन्मताना हाडांचे सुमारे तीनशे तुकडे असतात. ते जुळत जुळत मोठेपणी २०६ उरतात. मोडलेलं हाडही बरंचसं असंच सांधतं. आधी रक्ताची गाठ, मग कूर्चा, मग कच्चं हाड, शेवटी पक्कं.

"मग माझं जुळलं की!" अक्का म्हणाली.

हाड जुळलं, पण सांध्याची तऱ्हा वेगळी. कवटीचे सांधे न हलणारे, मणक्यांचे थोडेच हलणारे. गुडघा आणि कोपर दाराच्या बिजागरीसारखे. खांदा आणि खुबा उखळीचे, खोबणीत फिरणारा गोळा. त्यातही खांद्याची खोबण उथळ, म्हणून हात चहूकडे फिरतो. सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिला पोसतो तो सांध्यातला वंगणासारखा द्रव, आणि तो नीट पोचतो हालचालीने. हालचाल थांबली की सांध्याभोवतीचं वेष्टण आकसतं. मोडलेल्या हाडाला आराम हवा, सांध्याला काम.

संध्याकाळी आहूखान्याकडे गेलो. १६३१ साली बुऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल गेली. तिला आधी इथे जैनाबादच्या बागेतच दफन केलं होतं, सुमारे सहा महिन्यांनी आग्र्याला नेलं. गरोदरपणात बाईच्या ओटीपोटाचे सांधेही सैल होतात, बाळाला वाट द्यायला, असं मी सांगत होते. तीन बाळंतपणं झालेली अक्का थबकली. "चौदा वेळा!" एवढंच म्हणाली. परतताना म्हणाली, "उद्या डॉक्टरांकडे जाऊ."

त्यांनी व्यायाम दाखवले. भिंतीवर बोटांनी वर चढायचं, पोचेल तिथे पेन्सिलची खूण करायची. पहिले काही दिवस ती रडली आणि मला कन्नडमध्ये यथेच्छ शिव्या दिल्या. मी निघाले तेव्हा खूण कशीबशी चार बोटं वर सरकली होती.

मग महिनोन्‌महिने फोनवर खुणांचाच हिशेब. श्रावणात एका सकाळी फोन आला.

"अंबाडा घातला आज. वाकडा झालाय."

"सुनेला सरळ करून द्यायला सांग."

"मुळीच नाही," अक्का म्हणाली, "असाच देवळात जाणार आहे."