दोष तारेचा, ठपका मुलीवर

हल्ली आपल्या घराघरांत 'सर्व्हर स्लो आहे' हे वाक्य सर्रास ऐकू येते. रेशनच्या दुकानात अंगठा उमटत नाही, बँकेत पासबुक भरून मिळत नाही, दाखल्यासाठी दुसऱ्यांदा खेप घालावी लागते. कारण विचारले की हेच उत्तर. आपला माणूस मुकाट्याने मागे फिरतो आणि त्याची दिवसाची मजुरी बुडते. पण ज्या कचेरीत आपला मुलगा किंवा मुलगी नोकरी करते, तेथला सर्व्हर मंदावला की उत्तर बदलते. तेथे सर्व्हर स्लो नसतो, आपले पोर स्लो असते! आमच्या भिवंडीत असे प्रसंग घडत आहेत. त्यातील एकाचा शेवटपर्यंत छडा लागला. तो आपल्या वाचकांच्या उपयोगी पडावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर, ही ओळख जुनी आहे. त्याच्याच जोडीला कशेळी, काल्हेर, राहनाळ, दापोडे, माणकोली या पट्ट्यात गोदामांची दुसरी भिवंडी उभी राहिली. मुंबईत माल नेला की जकात भरावी लागे. म्हणून माल वेशीबाहेर साठवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, असा व्यापाऱ्यांचा हिशेब होता. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि मुंबईची जकात गेली. गोदामे मात्र गेली नाहीत, ती वाढतच राहिली. आपल्या आयाबहिणींनी कारखान्यांत कांड्या भरल्या, बापांनी पाठीवर गोण्या वाहिल्या. त्यांचीच शिकलेली मुले आज त्या गोदामांत संगणकासमोर बसून बिले काढतात. बहुतेक जण ठेकेदारामार्फत लागलेले असतात. आज आहेत, उद्या नाहीत.

ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांच्यासाठी सर्व्हर म्हणजे काय ते आधी सांगतो. कचेरीत एक मुख्य संगणक असतो. मालाची आवक, शिल्लक, बिले हे सारे त्याच्या पोटात साठवलेले असते. त्याला सर्व्हर म्हणतात. बाकीचे संगणक तारेने त्याला जोडलेले असतात आणि मध्ये 'स्विच' नावाची एक चपटी पेटी असते. तारा त्या पेटीत येतात आणि तेथून फुटतात. चाळीतल्या पाण्यासारखाच हा प्रकार आहे. सर्व्हर ही टाकी, तार हा पाइप आणि टेबलावरचा संगणक हा नळ. नळाला पाणी बारीक आले तर टाकी रिकामी असेल, पाइप गळत असेल, नाहीतर सगळे नळ एकदम सुटले असतील. नळाखाली हंडा धरून उभ्या असलेल्या बाईला 'तुझाच हंडा हळू भरतो' असे कोणी म्हणत नाही. कचेरीत मात्र नेमके हेच म्हटले जाते.

आमच्या वस्तीतील एक मुलगी अशाच एका गोदामात डिस्पॅचच्या टेबलावर काम करते. टेबल गोदामाच्या पार मागच्या दाराशी आणि सर्व्हर पुढच्या कॅबिनमध्ये. दुपारनंतर गाड्यांची रांग लागे आणि एकेका बिलाला चार-चार मिनिटे जात. ड्रायव्हर हॉर्न वाजवत. सुपरवायझर सर्वांदेखत म्हणे, "हिचे लक्ष मोबाइलमध्ये." दोन दिवसांचा पगार कापला गेला. ठेकेदाराला निरोप गेला की पुढच्या महिन्यापासून दुसरी मुलगी बघा. 'यांना सवलतींची सवय, कामाची नाही' असेही कोणीतरी पुटपुटले. आडनाव कळल्यावर असे शब्द कोठून येतात, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. तिच्या पगारावर धाकट्या भावाचे आयटीआयचे शिक्षण चालू होते. ती घरी येऊन रडली. आई म्हणाली, "सोड ती नोकरी."

रविवारी वंदना झाल्यावर आम्ही काही जण विहारात बसतो. कोणी दुसऱ्या गोदामात बिलिंगला आहे, कोणी संगणक दुरुस्त करतो, कोणी तारा ओढण्याचे काम करतो. ताईने आपली हकीकत सांगितली. आम्ही तिला धीर दिला आणि सोबत एक वहीही दिली. वहीत चार रकाने आखले : वेळ, काम, लागलेले सेकंद आणि त्या वेळी गोदामात काय चालू होते. सहा दिवस लिहायचे, कोणाशी भांडायचे नाही.

सहा दिवसांनी वही बोलू लागली. सकाळी बिल वीस सेकंदांत निघत होते. दुपारी तीन ते सहा या वेळात त्यालाच चार मिनिटे लागत. त्याच वेळी पुढच्या टेबलावर मात्र तेच काम वीस सेकंदांत होत होते. सर्व्हर दोघांचा एकच. म्हणजे टाकी भरलेली होती! चौथ्या रकान्यात तिने प्रामाणिकपणे लिहिले होते : दुपारी माल चढवण्याचा पट्टा चालू, सकाळी बंद.

ती वही घेऊन ती सुपरवायझरकडे गेली. तो म्हणाला, "सर्व्हरला हात लावायचा नाही हं." ती म्हणाली, "मी हात लावत नाही साहेब. तुम्हीच लावा, मी फक्त वेळ लिहिते." तेथल्या वयस्क हिशेबनीसांनी वही पाहिली. सरळ माणूस. त्यांनी एक तास दोघांच्या जागा बदलायला लावल्या. पुढचा मुलगा मागे बसला, तर त्यालाही चार मिनिटे लागली. ही मुलगी पुढे बसली, तर तिचे बिल वीस सेकंदांत निघाले. मंदपणा माणसाबरोबर हलला नाही, तो टेबलाला चिकटून राहिला. तिच्यावरचा आरोप तेथेच गळून पडला.

मग संगणकवाल्याने मागच्या टेबलावरून सर्व्हरला 'पिंग' करून पाहिले. पिंग म्हणजे एका संगणकाने दुसऱ्याला हाक मारणे आणि 'ओ' किती वेळात येते ते मोजणे. एकाच इमारतीत तारेने जोडलेल्या संगणकाची 'ओ' साधारणपणे एका मिलिसेकंदाच्या आत-बाहेर येते. पट्टा बंद असताना प्रत्येक हाकेला ओ आली. पट्टा सुरू केला आणि हाका गहाळ होऊ लागल्या. गहाळ झालेला मजकूर पुन्हा पाठवावा लागतो, तोही हरवला तर पुन्हा. त्यातच ती चार मिनिटे जात होती.

शिडी लावून पत्र्याखाली पाहिले तेव्हा सारा उलगडा झाला. तांब्याच्या नेटवर्क तारेला एका यंत्रापासून दुसऱ्या यंत्रापर्यंत १०० मीटरची मर्यादा असते. ही तार वळसे घेत १३० मीटरच्या वर गेली होती. मध्येच तुटलेली तार हाताने पीळ देऊन काळ्या पट्टीने गुंडाळली होती. आणि पट्ट्याच्या मोटरची वीज नेणारी जाड केबल तिला खेटून एकाच दोरीने बांधली होती! मोटर सुरू झाली की तिचा उपद्रव या तारेत शिरत असे. मग निम्म्या वाटेवर एक स्विच बसवला, नवी तार विजेच्या केबलपासून दूर, वेगळ्या नळीतून नेली, सांधा काढून टाकला. दुसऱ्या दिवसापासून मागच्या टेबलावरही बिल वीस सेकंदांत निघू लागले.

मुलीची नोकरी राहिली. 'आमचे चुकले' असे मात्र तिला कोणी म्हटले नाही. कापलेला दोन दिवसांचा पगारही परत मिळालेला नाही. त्यासाठी तिने लेखी अर्ज दिला आहे, सोबत वहीची नक्कल जोडली आहे, आणि आम्ही तिच्या पाठीशी आहोत.

ज्यांची मुले अशा कामात आहेत त्यांनी तपासाचा हा क्रम घरात सांगून ठेवावा. पहिला प्रश्न : मंद काय आहे, कचेरीतला सर्व्हर की बाहेरचा? १ फेब्रुवारी २०१८ रोजी देशभर ई-वे बिल सक्तीचे झाले आणि त्याच दिवशी सरकारी संकेतस्थळ कोलमडले. सरकारला ती सक्ती पुढे ढकलावी लागली आणि १ एप्रिलपासून नव्याने सुरुवात करावी लागली. अशा वेळी गोदामातील तार बदलून उपयोग नाही. दुसरा प्रश्न : सगळेच संगणक मंद आहेत की एकच? सगळे असतील तर सर्व्हरकडे पाहावे. त्याची डिस्क भरली आहे का, भर कामाच्या वेळी बॅकअप चालतो का, स्विचच्या पंख्यात धूळ बसली आहे का? कारखान्यांशेजारच्या कचेऱ्यांत कापसाचे तूस पंख्यात बसते आणि यंत्र तापते, हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. एकच संगणक मंद असेल तर त्याची तार आणि त्याचे टोक पाहावे.

तिसरा प्रश्न वेगाचा. नेटवर्कच्या तारेत आठ बारीक तारा असतात, चार जोड्यांत. १०० एमबीपीएस वेगाला दोन जोड्या पुरतात, पण १००० ला चारही लागतात. एखादी बारीक तार तुटली तरी काम बंद पडेलच असे नाही, पण वेग गुपचूप दहा पटींनी उतरू शकतो. ५०० एमबीची फाइल १००० च्या वेगाने चार-पाच सेकंदांत जायला हवी. तिला पाऊण मिनिट लागले तर वेग १०० वर आला आहे, असा संशय घ्यावा. संगणकाच्या नेटवर्क-माहितीत हा वेग लिहिलेला असतो, तो वाचायला कोणाची परवानगी लागू नये. चौथे, एकाच तारेची दोन्ही टोके चुकून एकाच स्विचमध्ये खोचली गेली नाहीत ना आणि दोन संगणकांना एकच नंबर दिला गेला नाही ना, हे पाहायला सांगावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि पुन्हा वेळ मोजावी. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही. आणि शिडी, वीज, सर्व्हर बंद-चालू करणे ही कामे ज्याची त्यालाच करू द्यावीत. आपल्या हाती वही असली तरी पुष्कळ आहे.

हे लिहिताना मुंबईच्या कापडगिरण्यांची आठवण होते. विणकाम खात्यात पगार जास्त असे, पण तेथे अस्पृश्यांना मज्जाव होता. धोट्यातील धागा तुटला की तो तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा आम्ही कसा तोंडाला लावावा, असे स्पृश्य कामगार म्हणत. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न ठणकावून पुढे आणला. ज्यांच्या आजोबांना धाग्याजवळ जाऊ दिले नाही, त्यांच्या नाती आज संगणकाच्या तारेशी काम करतात. हा पल्ला लहान नाही. पण 'हात लावू नका' हे शब्द अजून कानांवर येतात. पूर्वी ते विटाळाच्या नावाने येत, आता कधी कधी 'तुम्हाला यातले काय कळते' अशा वेशात येतात. त्याला मोजमाप हेच उत्तर आहे. वहीतल्या वेळा कोणाचे आडनाव सांगत नाहीत.

धम्मवंदनेत आपण 'एहिपस्सिको' म्हणतो. त्याचा अर्थ, ये आणि पाहा. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी हेच सांगितले की परंपरेने आले म्हणून, मोठा माणूस म्हणतो म्हणून कोणतीही गोष्ट मानू नका, स्वतः पारखून घ्या. कारण असल्याशिवाय कार्य घडत नाही, हा धम्माचा गाभा आहे. तो विहारापुरता ठेवून चालणार नाही, कचेरीच्या टेबलावरही तो न्यावा लागेल. सुपरवायझर म्हणतो म्हणून आपली मुलगी मंद ठरत नाही. तशीच, ती आपली आहे म्हणून तिचे सगळे बरोबर, असेही आपण म्हणू नये. वहीत दोष तिचा निघाला असता तर तोही आम्ही तिला सांगितला असता.

म्हणून आईवडिलांना विनंती आहे. पोर कामावरून रडत आले तर लगेच 'सोड ती नोकरी' म्हणू नका आणि 'तूच नीट काम करत नसशील' असेही म्हणू नका. त्याला आधी विचारा, किती वाजता होते, कोणत्या टेबलावर होते, दुसऱ्यांचे काय होते? आणि वस्तीत जे कोणी संगणकाचे, विजेचे, तारांचे काम जाणतात त्यांनी रविवारचा एक तास विहारात द्यावा. आमच्याकडे आता तिसरी वही सुरू झाली आहे. ती एका मुलाची आहे, त्याचे काय निघते ते अजून कळायचे आहे.

जयभीम!