अठ्ठेचाळीस तास

आम्ही बुधवार पेठेत, फरासखान्याच्या मागच्या बाजूला एका जुन्या वाड्यात दोन खोल्यांत राहतो. आमच्यापैकी एकजण तपकीर गल्लीत विजेच्या सामानाची ने-आण करतो, दुसरी अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांसाठी पुस्तकांची बांधणी करते. जिथे जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा काढली, त्या भिडे वाड्यावरून आमची थोरली रोज क्लासला जायची. ती डॉक्टर झाली. सध्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात इमर्जन्सी मेडिसिनमध्ये एम.डी. करते. गल्लीतले विचारतात, हे काय नवीन? अहो, आपण ज्याला कॅज्युअल्टी म्हणतो तेच. अपघात, विषबाधा, सर्पदंश, छातीत कळ, सगळे आधी तिच्यापुढे येते. आपल्या देशात या शाखेला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता मिळाली ती २००९ साली.

मागच्या महिन्यात ती एका दिवसासाठी घरी आली. उंबऱ्यावर बसून बूट काढायला लागली आणि एक बूट हातात तसाच धरून झोपली. पाय सुजलेले. तासाभराने उठवून विचारले तेव्हा म्हणाली, "शनिवारी सकाळी आठला लागले, रविवारी रात्री आठला सुटले." म्हणजे ३६ तास. मधे झोप? ईसीजीच्या खोलीतला पलंग रिकामा असेल तर, तेवढीच.

आजोबा कोपऱ्यात बसून ऐकत होते. त्यांचा जन्म खडकीच्या दारूगोळा कारखान्यात गेला. ते म्हणाले, "तुमच्याकडं भोंगा नाही का गं?"

वाचकहो, त्या भोंग्याची किंमत आपल्याला ठाऊक आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते; त्यांच्याच कारकिर्दीत, १९४६ साली, कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे तास ५४ चे ४८ झाले. आता योगायोग बघा. ५ जून १९९२ रोजी केंद्राच्या आरोग्य खात्याने निवासी डॉक्टरांसाठी जो आदेश काढला, त्यातही आकडा तोच: आठवड्याला साधारणपणे ४८ तास आणि सलग १२ तासांपेक्षा जास्त नाही. कागद आहे, भोंगा नाही. पुढे २०२३ च्या नियमांत तर आकडाच गेला. "वाजवी तास" एवढेच शब्द उरले. वाजवी किती ते ज्याने त्याने ठरवायचे. २०२४ मध्ये वैद्यकीय आयोगाच्याच एका कृती गटाने आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नको, अशी शिफारस केली. कुठे ४८ आणि कुठे ७४! आणि तीसुद्धा शिफारसच.

आता आमची एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. सांगायची लाज वाटते. २००५ साली मेहुण्याचा लक्ष्मी रस्त्यावर स्कूटरचा अपघात झाला. रात्रीचे दोन वाजलेले. आम्ही दहा-बारा जण शहरातल्या एका रुग्णालयात घुसलो. एकटाच पोरगा डॉक्टर होता, तो दुसऱ्या रुग्णाजवळ. आम्ही त्याची कॉलर धरली, आईबहिणीवरून बोललो. त्याने हात जोडले, मग मेहुण्याच्या डोक्याला टाके घातले. त्याचे डोळे लाल होते. आम्ही बाहेर येऊन म्हणालो, प्यायलेला असेल. आज थोरलीचे डोळे पाहिले आणि तो पोरगा आठवला.

२०१० साली राज्याने डॉक्टरांवरील हल्ल्याविरुद्ध कायदा केला, तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार दंड. तरी २०१७ मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला मारहाण होऊन त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली, आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात रात्रपाळीतल्या डॉक्टर मुलीचे काय झाले, ते लिहवत नाही. तेव्हापासून घरात रात्री फोन वाजला की आधी आमची छाती धडधडते.

आणि आमच्या घराला आणखी एक भीती आहे, ती सगळ्या घरांना नसते. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवीने जीव दिला. आदिवासी घरातली लेक, एम.डी. करणारी. जातीवरून छळल्याच्या आरोपाखाली तीन वरिष्ठ डॉक्टर मुलींना अटक झाली. थोरलीलाही पहिल्याच आठवड्यात एकाने विचारले, "रँक कितवा?" तिने सांगितला. तो हसला. पुढच्या महिन्यात सगळ्या रविवारच्या पाळ्या तिच्या नावावर. त्या हसण्याचा अन् पाळ्यांचा संबंध ती जोडत नाही, आम्ही जोडतो.

मार्ड ही निवासी डॉक्टरांची संघटना लढते. फेब्रुवारी २०२४ मध्ये संपानंतर विद्यावेतन दहा हजारांनी वाढले. पण संपात कॅज्युअल्टी बहुतेक वेळा चालूच ठेवतात, आणि ते योग्यच आहे. तिथे आपलीच माणसे पडलेली असतात. मग संप सगळ्यांचा आणि दुप्पट काम थोरलीचे. आजोबांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, "असला संप मी बघितला नाही."

थोरलीने एक गोष्ट सांगितली. १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी दवाखान्यात दाखल झाली आणि काही तासांत गेली. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर शिकाऊ होते, लांबलचक पाळीतले. तिचा बाप पत्रकार. त्याने कॉलर धरली ती व्यवस्थेची. १९८९ मध्ये तिथे नियम झाला: आठवड्याला ८० तास, सलग २४. तेही थोडे नाहीत म्हणा. पण तो लढा रुग्णाच्या बापाने उभा केला होता.

त्या रात्री आम्ही अर्ज लिहायला बसलो. वैद्यकीय शिक्षण खात्याला. डॉक्टरांचे आईबाप म्हणून नव्हे, रुग्णांचे नातेवाईक म्हणून. १९९२ चा आदेश पाळा, पाळीची वही भिंतीवर लावा, मुलींना कडी असलेली खोली द्या. थोरलीचे नाव कुठेही घातले नाही, तिनेच बजावले होते. गल्लीत फिरून सव्वाशे सह्या झाल्या. पहिली मेहुण्याची.

थोरली सकाळच्या एसटीने परत गेली. रात्री फोन लावला, उचलला नाही. ड्यूटीवर असेल.