माझा छंद : टेबलावरच्या गमतीजमती

छंद म्हटला की नाणी, तिकिटं आठवतात. मला नाद आहे टेबलावरच्या गमतीदार वस्तूंचा! आमच्या वेळणेश्वरात समुद्राचा वारा कागद जागेवर राहू देत नाही. म्हणून किनाऱ्यावरचे रंगीत गोटे आणून ठेवले, आणि नाद लागला तो लागलाच.

सगळ्यात लाडका माझा माकडतोंड्या पेनस्टँड. नारळाची डोळ्यांकडची अर्धी करवंटी काचकागदाने घासायची, खोबरेल तेलाचा हात द्यायचा आणि पालथी ठेवायची. तीन डोळ्यांपैकी एकच मऊ असतो. तो खिळ्याने सहज उघडतो; त्यात पेन्सिल उभी! मुलं लगेच विचारतात, "बाई, बाकीचे दोन का नाही उघडत?" कोंब त्या मऊ डोळ्यातूनच बाहेर येतो, हे मग वेगळं शिकवावं लागत नाही.

पुण्याच्या आयुकात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून असंच विज्ञान शिकवलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

वर्गात कधी तोंड न उघडणारा एक मुलगा करवंटी घासता घासता इतरांना शिकवू लागला. पालक विचारतात, "याला मार्क किती?" मार्क नाहीत हो! पण दुकानातून पेनस्टँड आणण्याआधी घरातली करवंटी एकदा मुलांच्या हातात द्या. बघा, काय काय विचारतात ते.