काळाचौकीची खोली आणि बदलापूरचे घर

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातले कोणी ना कोणी मुंबईला असते. सणासुदीला ती माणसे गावी येतात, चार दिवस राहतात आणि परत जातात. ती तिथे कशी राहतात हे पाहायला मात्र आपण सहसा जात नाही. मीही पंधरा वर्षे गेलो नव्हतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्च महिना होता. धाकट्या चुलतभावाचा फोन आला, "दादा, माझ्या वाट्याचं रान विकून टाकू या. बदलापूरला घर घ्यायचंय."

माझे डोके फिरले. उभ्या जन्मात ज्याने रानात कुदळ मारली नाही त्याला रान विकायचे सुचते! काय ते समोरासमोर बोलावे म्हणून मी रात्रीची एस.टी. धरली.

सकाळी दादरला उतरलो. लोकलने करी रोडला आलो आणि लालबागेतून चालत काळाचौकी गाठली. पूर्वी याच वाटेने गिरणीच्या भोंग्याबरोबर माणसांचा लोंढा चाले. आता भोंगे बंद झाले आहेत आणि चाळींच्या डोक्यावर चाळीस-चाळीस मजली इमारती उभ्या आहेत. काळाचौकीच्या एका अंगाला हार्बर लाइनचे कॉटन ग्रीन स्टेशन आहे. जवळच कापूस बाजाराची हिरवी इमारत आहे आणि गोदामांच्या रांगा आहेत. वऱ्हाड-खानदेशातल्या शेतकऱ्याचा कापूस गाठी बांधून मुंबईला येई, आणि त्याचे सूत काढायला व कापड विणायला साताऱ्या-कोकणातल्या शेतकऱ्यांची पोरे येत. माझे काका त्यांपैकीच एक. खटाव तालुक्यातून आले आणि साचेखात्यात लागले.

त्यांची खोली दहा बाय बाराची. तेवढ्यात मोरी, ओटा, पाण्याचे पिंप, कपाट, देव्हारा आणि पाच माणसे. काकू, भाऊ, त्याची बायको, दहावीतली मुलगी आणि सातवीतला मुलगा. संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्यांना मिळून. रात्री भावाने आणि मी गॅलरीत पथारी टाकली. पहाटे चारला जाग आली, तर माझ्या पायाशी गॅलरीच्या दिव्याखाली पुतणी गणिते सोडवत बसली होती. आत दिवा लावला तर सगळ्यांची झोपमोड होते, म्हणून ती रोज तिथेच बसते. पाहुणा झोपला आहे म्हणून बिचारीने पाय पोटाशी घेतले होते.

सकाळी काकूंना विचारले, "तुम्हालाही इथून जायचंय का?"

"मला कशाला जायचंय बाबा? पन्नास वर्सं झाली हितं. मागच्या साली रातीचं छातीत दुखाय लागलं, तर शेजारच्या पोरांनी खुर्चीत बसवून खाली नेलं आन् दहा मिंटात केईएमला पोचवलं. तिकडं बदलापुरात कोण उचलणार मला? पर ह्या पोरीचं बघवत न्हाई रं."

काकूंचे म्हणणे खोटे नव्हते. शाळा, दवाखाना, बाजार सारे चालत जाण्याच्या अंतरावर. दार दिवसभर उघडे आणि पोर कोणाच्या घरी जेवले याचा हिशेब नाही. शिवाय खोली पागडीची. म्हणजे मालकी घरमालकाची आणि राहण्याचा हक्क भाडेकरूचा. भाडे नाममात्र, पण खोली विकायची झाली तर मालकाला वाटा द्यावा लागतो. अशा जुन्या उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास झाला तर भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचे घर मिळते. त्या आशेवर चाळकरी बसून आहेत. आमच्या चाळीचे कागद दोनदा झाले, वीट मात्र हललेली नाही.

दुपारी मी रानाचा विषय काढला. काकूंनी काही न बोलता पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढली. आत मनिऑर्डरच्या पोचपावत्या होत्या. पिवळ्या पडलेल्या, दोऱ्याने बांधलेल्या, आणि प्रत्येकीवर आमच्या आजोबांचा अंगठा.

"ह्या भात्तरच्या दुष्काळातल्या," काकू म्हणाल्या. "म्हयन्याला निम्मा पगार गावी जायाचा. तुमची हीर त्यातनंच खोदली."

ती विहीर मी रोज पाहतो. त्या पाण्यावर माझा बटाटा पिकतो. तिला पैसा कुठून आला हे मी कधी विचारले नव्हते.

पुढे १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप झाला. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. त्या वर्षी काका गावी आले आणि दुसऱ्याच्या बांधावर रोजाने गेले, कारण घरचे रान आम्ही कसत होतो. परतल्यावर गिरणीने त्यांना घेतले नाही. पुढची वर्षे त्यांनी रखवालदारी केली. गिरणी कामगारांच्या घरांसाठी त्यांनी म्हाडाचा अर्ज भरला होता. जून २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत निघाली, अर्ज मात्र लाखाच्या वर. काकांचा नंबर लागला नाही आणि आता काकाही नाहीत.

दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ बदलापूरला निघालो. दादरहून सव्वा तासाच्या आसपास लागतो. भावाची कचेरी फोर्टात, म्हणजे रोजचे तीन तास लोकलमध्ये जाणार. ही त्या घराची किंमत कोणी जाहिरातीत छापत नाही. पण गाव चांगले. उल्हास नदी, पलीकडे डोंगराची रांग आणि मराठी वस्ती. इथल्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, हे ऐकून माझ्यातल्या शेतकऱ्याला बरे वाटले.

एजंटाने पहिले घर दाखवले ते नवे कोरे होते. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आतच संडास-बाथरूम. भावाच्या डोळ्यांत पाणी आले. मी मात्र खाली उतरून इमारतीच्या मागे गेलो. रान घेताना आपण आधी ओघळ पाहतो, तसे पाहिले. झुडपांच्या शेंड्यांना वाळका पालापाचोळा आणि प्लॅस्टिक अडकलेले होते. पलीकडे भाजी खुडणाऱ्या आजींना विचारले. त्या म्हणाल्या, "२००५ ला पाणी आलं, २०१९ लाही आलं." २०१९ च्या जुलैत इथून जवळच वांगणीला महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती, ते आपण सर्वांनी वाचलेच आहे. नदीकाठी घर घेताना पूररेषा पाहावी. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तांबडी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

परतताना गाडीत मी भावाला म्हणालो, "रान विकायचं नाही. पण काकांच्या वाट्याचा खंड आम्ही आजवर कधी दिला नाही, तो आता दरसाल देईन. बटाट्याचे पैसे हातात आहेत, त्यातून पहिला हप्ता आजच घे. आणि घर घेऊ नकोस, एक वर्ष भाड्याने राहा. एक पावसाळा काढ, मग ठरव."

मुलीची परीक्षा झाल्यावर त्यांनी स्टेशनच्या पूर्वेला भाड्याने जागा घेतली. त्या वर्षात पाणी किती वेळ येते, टँकर कुठे लागतो, कोणत्या गल्लीत गुडघाभर पाणी साठते हे सारे त्यांना कळले. जुलैत त्या पहिल्या इमारतीच्या फाटकात पाणी शिरलेले भावाने स्वतः जाऊन पाहिले. गेल्या वर्षी त्यांनी उंचावरच्या एका जुन्या, सोसायटी झालेल्या इमारतीत दोन खोल्यांचे घर घेतले. भोगवटा प्रमाणपत्र पाहून, बँकेचे कर्ज काढून, आणि बायकोच्या नावावर. घर बाईच्या एकटीच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, ती १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. नवे बांधकाम घेणाऱ्याने महारेराचा नोंदणी क्रमांक पाहावा आणि करारनामा नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे देऊ नयेत. कायदाच तसा आहे.

काळाचौकीची खोली त्यांनी विकली नाही. काकू महिन्यातले पंधरा दिवस तिथेच असतात, आणि गणपतीत तर सारे घरच तिथे असते. बदलापुरात अजून त्यांचे दार उघडे राहत नाही, याचे त्यांना वाईट वाटते. पण पुतणीला आता अभ्यासाला खोली आहे. मी गेलो तेव्हा तिने दार लावून घेतले होते आणि काकू मला म्हणाल्या, "हळू बोल, पोर वाचतीया."

मुंबईच्या भावाने रान विकायचे काढले तर लगेच रागावू नका. आधी त्याच्या खोलीत एक रात्र झोपून या. आणि घरातल्या जुन्या ट्रंकेत काही पावत्या आहेत का, तेही पाहा.