पोटासाठीं आकाश : माऊन येथील आठ दिवस

आमच्या घराण्यांत पूर्वीं कोणी फार दूर गेला तर तो काशीस, नाहीं तर नोकरीनिमित्त बडोद्यास अगर इंदुरास. पुढें दोघे भाचे समुद्र ओलांडून अमेरिकेंत संगणकाच्या कामावर गेले, व त्याचेंही आतां कोणास नवल वाटत नाहीं. परंतु थोरल्या बंधूंचा चिरंजीव जेव्हां विमान चालविण्याची नोकरी शोधावयास आफ्रिकेंतील बोट्स्वाना देशांत निघाला, तेव्हां सांगलीच्या आमच्या घरांत कोणीं नकाशा काढला, तर कोणीं देव पाण्यांत घातले.

त्यास जाऊन दीड वर्ष झाल्यावर बंधूंनीं आम्हांस बोलावून म्हटलें, “तूं आतां निवृत्त झालास, हिंडण्याची तुला हौसही आहे. जाऊन ये, आणि येतांना त्याला बरोबर घेऊन ये. मेहुण्यांच्या कारखान्यांत हिशेबाची जागा मोकळी आहे.” वहिनी कांहींच बोलल्या नाहींत. मेतकूट, गोडा मसाला व भडंगाची पिशवी तेवढी त्यांनीं आमच्या हातीं दिली.

वाचकांस हा प्रश्न नीट कळावा म्हणून थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. आपल्या देशांत व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळण्यास निदान २०० तासांचें उड्डाण करावें लागतें. त्याच्या खर्चापायीं बंधूंनीं भविष्यनिर्वाह निधी मोडला व कृष्णाकांठच्या मळ्यावर कर्ज काढलें. परवाना हातीं आल्यावर कळलें कीं, मोठ्या विमानांचें शिक्षण निराळें व त्याचा खर्चही निराळा. शिवाय एका जागेसाठीं उमेदवार अनेक. अनुभव नाहीं म्हणून नोकरी नाहीं, आणि नोकरी नाहीं म्हणून अनुभव नाहीं, या चक्रांत मुलानें पुण्यास दोन वर्षें काढलीं. अखेर कोणीसें त्यास सांगितलें कीं, माऊन म्हणून एक गांव आहे. तेथें लहान विमानांच्या कंपन्या नवशिक्यांसही घेतात, मात्र जागेवर जाऊन उभें राहावें लागतें.

मुंबईहून आदिस अबाबा, तेथून जोहान्सबर्ग व तेथून माऊन असा आमचा प्रवास झाला. शेवटच्या टप्प्यांत खालीं कलहारीची वाळू व खुरटीं झुडपें कितीतरी वेळ दिसत राहिलीं. माऊन हें १९१५ सालीं बटवाना लोकांच्या राजधानीचें ठिकाण झालें. आज तें पसरट, धुळीचें व गजबजलेलें गांव आहे. रस्त्यांतून गाढवें व शेळ्या निर्धास्त फिरतात, आणि विमानतळ गांवाला इतका लागून आहे कीं, भाजी घेऊन परतणाऱ्या बायांच्या डोक्यांवरून विमानें उतरतात. तेथील लोक भेटतांच “दुमेला रा”, स्त्री असल्यास “दुमेला मा”, असें म्हणून मगच कामाचें बोलतात. आधीं नमस्कार व मग व्यवहार, ही रीत आम्हांस आपल्या घरची वाटली. त्यांच्या नाण्याचें नांव ‘पुला’, म्हणजे पाऊस. ज्या देशाचा बहुतेक भाग कोरडा, त्यानें पैशास पावसाचें नांव द्यावें, यांत पुष्कळ शहाणपण आहे.

आम्ही पोहोंचलों तेव्हां जुलै महिना होता. तेथें तो थंडीचा व कोरडा ऋतु. आकाशांत ढग औषधालाही नव्हता. तरी गांवांतली थामालाकाने नदी पाण्यानें भरत होती. हें पाणी अंगोलाच्या डोंगराळ मुलखांतलें. तिकडे वर्षाच्या आरंभीं पडलेला पाऊस ओकावांगो नदीनें सपाट वाळूंतून सावकाश उतरतो व कित्येक महिन्यांनीं, ऐन कोरड्या दिवसांत, येथें येतो. ही नदी समुद्रास मिळतच नाहीं. तिच्या असंख्य फांट्यांतलें बहुतेक पाणी ऊन, वाळू व लव्हाळीं पिऊन टाकतात. या पाणथळ प्रदेशास युनेस्कोनें २०१४ सालीं जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्या यादींतलें तें हजारावें स्थळ. आंत पक्के रस्ते जवळजवळ नाहींतच. पर्यटकांच्या छावण्या बेटांवर आहेत. माणसें, भाजीपाला, औषधें, पत्रें, सारें लहान विमानांनींच न्यावें लागतें. माऊनला वैमानिकांची गरज पडते ती यामुळें.

चिरंजीव आम्हांस उतरवून घेण्यास आला. रंग रापलेला, अंगानें वाळलेला, पण पांढरा सदरा कडक इस्त्रीचा. तो एका लहान घरांत तिघांसह राहतो. एक जोहान्सबर्गचा, एक जर्मनीचा व एक तेथलाच. आल्यावर पहिले तीन महिने तो रोज सकाळीं आपलीं कागदपत्रें घेऊन एकेका कंपनीच्या दारांत जाई. कोणी उद्यां ये म्हणत, कोणी नुसती मान हलवीत. त्या देशाचा कायदा आधीं आपल्या नागरिकांस नोकरी देतो, व परक्यास परवान्यावांचून काम करतां येत नाहीं. आपल्याकडेही आपण हेंच मागूं, तेव्हां त्याबद्दल कुरकुर कशाला? अखेर एका व्यवस्थापकानें त्याची चांचणी घेतली. मग तेथील हवाई कायद्याची परीक्षा, कामाच्या परवान्याची वाट, आणि हातांतले पैसे संपत आल्यामुळें एक वेळचें जेवण. हें त्यानें घरीं कधींच कळविलें नव्हतें. “आई काळजी करील, काका,” एवढेंच तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशीं विमानांत एक जागा रिकामी होती. कंपनीच्या परवानगीनें त्यानें आम्हांस बरोबर घेतलें. विमान सेसना २०६ जातीचें, एका इंजिनाचें, वैमानिक धरून सहा जणांचें. जे. आर. डी. टाटा यांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून टपाल घेऊन मुंबईस जुहूला विमान उतरविलें, तेंही एकाच इंजिनाचें व वैमानिकही एकटाच, हें आठवून आम्हीं मनास धीर दिला. चिरंजीवानें तेल स्वतः तपासलें, सामान तोलून स्वतःच चढविलें, पट्टे आवळून दिले. येथें कडक पेट्या चालत नाहींत, मऊ पिशव्याच आणाव्या लागतात. माऊन समुद्रसपाटीपासून सुमारें ९४० मीटर उंच. ऑक्टोबरांत उष्मा चाळिशीला पोहोंचला कीं हवा तापून विरळ होते, पंखांस उचलावयास ती पुरी पडत नाहीं, आणि तेंच विमान फार लांब धांवल्यावांचून उठत नाहीं. म्हणून एकेका शेराचा हिशेब ठेवावा लागतो.

वरून तो प्रदेश पाहतांना आम्ही भीति विसरलों. हिरव्या लव्हाळ्यांतून निळ्या पाण्याच्या वाटा, आणि मध्यें वाटोळीं बेटें. यांतलीं पुष्कळ बेटें मुळांत वाळव्यांच्या वारुळांवर वाढलीं आहेत, असें चिरंजीवानें सांगितलें. पाऊण तासानें मातीची एक धांवपट्टी दिसली व तिच्या मधोमध एक हत्ती. चिरंजीवानें विमान खालीं आणून पट्टीवरून गर्जत नेलें. जनावरें हुसकण्याची तेथील हीच पद्धत. हत्तीनें कान हलविले, पण पाऊल हलविलें नाहीं. दुसऱ्या फेरींत तो थोडा बाजूस सरला. मागच्या बाकावरचे एक गृहस्थ म्हणूं लागले, “आतां जागा आहे कीं! उतरवा.” त्यांच्या छावणींत जेवणाची वेळ टळत होती. चिरंजीवानें इंधनाच्या कांट्याकडे पाहिलें, नभोवाणीयंत्रावर चार शब्द सांगितले आणि शांतपणें म्हटलें, “क्षमा असावी. आपण शेजारच्या पट्टीवर उतरून थांबूं.” तेथें आम्ही एका झाडाखालीं तासभर बसलों. गृहस्थ रागावलेलेच होते. मुलानें त्यांस पाणी दिलें व आपण विमानाच्या सावलींत उभा राहिला. ज्यास लहानपणीं आम्हीं पतंगाच्या मांजासाठीं रडतांना पाहिलें, तो आज पांच परक्या जिवांचा भार घेऊन “नाहीं” म्हणावयास शिकला होता.

त्या रात्रीं मेतकूट-भात जेवून आम्हीं बंधूंचा निरोप सांगितला. तो पुष्कळ वेळ गप्प बसला. मग आपली उड्डाणाची वही काढून पुढें ठेवली. तींत सातशें बारा तास झाले होते. मोठ्या विमानाचा कप्तान होण्यास जो वरचा परवाना लागतो, त्यास १,५०० तास लागतात. “काका, तेवढे झाले म्हणजे नोकरी मिळेलच असें नाहीं. मी खोटें सांगणार नाहीं. येथला करारही दोनच वर्षांचा आहे. बाबांनीं आज्ञाच केली तर मी येईन. पण मग मळ्यावरचें कर्ज कशासाठीं काढलें, तें मला उभ्या जन्मांत सांगतां येणार नाहीं.”

आम्हांस रात्रभर झोंप आली नाहीं. वडील बंधूंची आज्ञा आम्हीं आजवर मोडली नव्हती, आणि त्यांचें भयही खोटें नव्हतें. एकुलता एक मुलगा, एका इंजिनाचें विमान, डोक्यावर कर्ज. कोणता बाप स्वस्थ झोंपेल? परंतु परत नेलेला मुलगा हिशेबाच्या जागेवर बसला असता तरी घरीं आला असता काय, हें आम्हांस सांगतां येईना. सकाळीं आम्हीं त्यास एवढेंच म्हटलें, “दादांशीं मी बोलेन. तूं मात्र उपाशी राहिलास तर यापुढें घरीं कळवीत जा.” आठव्या दिवशीं आम्ही एकटेच परतलों.

ज्या घरांत असा हौशी मुलगा अगर मुलगी असेल, त्या घरच्या वडील माणसांस आमचें सांगणें असें : शिक्षणास पैसे भरण्याआधीं प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी करून घ्या, म्हणजे प्रकृतीचा दोष पैसे खर्चून झाल्यावर कळणार नाहीं. परवान्याच्या खर्चाबरोबर त्यापुढच्या दोन वर्षांच्या रिकामपणाचाही खर्च धरा. परदेशीं पाठवावयाचें तर कामाच्या परवान्याचे नियम आधीं वाचा व सहा महिन्यांची पोटगी गांठीस बांधून द्या. आणि मुलास असें सांगून ठेवा कीं, अपयशाचें पत्रही या घरांत वाचलें जाईल.

बंधूंस आम्हीं सारा वृत्तांत सांगितला. हत्तीची गोष्टही लपविली नाहीं. ते दोन दिवस आमच्याशीं बोलले नाहींत. तिसऱ्या दिवशीं चहाच्या वेळीं त्यांनीं विचारलें, “किती तास झाले म्हणालास?” तेव्हांपासून देवघराशेजारच्या भिंतीवरील दिनदर्शिकेंत, दर महिन्याच्या अखेरच्या चौकटींत, दूधवाल्याच्या हिशेबाखालीं त्यांच्या हातचा एक आंकडा दिसतो. हा लेख लिहितांना तो १,०४६ वर आला आहे. मळ्यावरचें कर्ज अद्याप फिटावयाचें आहे. वहिनी आंकड्याकडे पाहत नाहींत, मुलाचा दूरध्वनि आला कीं त्या अगोदर एवढेंच विचारतात, “जेवलास का? आणि तो हत्ती पुन्हां आला होता का रे?”